बेक्ड व्हेजिटेबलमधल्या भाज्या

…आणि वर मलाच विचारतात, "अरे, भाज्या कुठायत?" मला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्यांचीच बाजू घ्याल.

सुट्टीला आमचं सगळं खानदान ताईकडे जमतं आणि प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा. मी काय नेतो? कागदी ताटल्या! वर्षानुवर्षं! अहो, मी लिफ्ट दुरुस्त करतो, माणसं डोळे मिटून माझ्या भरवशावर वरच्या मजल्यावर जातात, पण माझ्या हातचा बटाटा खायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. यंदा ताईच्या हातापाया पडलो. म्हटलं, एकदा, फक्त एकदा मला काहीतरी शिजवू दे! म्हणाली, "बरं, बेक्ड व्हेजिटेबल कर. भाज्या, व्हाइट सॉस, वरून चीज, आंधळाही करेल. पण बिघडलं, तर जन्मभर ताटल्या!"

तुम्हाला सांगतो, ओट्यावर मावेना इतकी भाजी आणली. फ्लॉवर, फरसबी, गाजर, मटार, बटाटे… सुरी हातात घेतली आणि फोन! भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर. "फ्लॉवर घालू नकोस हं, मला गॅस होतो, चारचौघांत अवघडल्यासारखं होतं." चारचौघं कुठले, सगळे घरचेच! पण म्हटलं, सुट्टीचा दिवस, कशाला कुणाचं मन मोडा! काढला फ्लॉवर.

मग काकू. "फरसबीचे धागे कवळीत अडकतात रे बाळा!" बाळा! टक्कल पडलंय मला! काढली फरसबी. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, गाजर गोड लागतं, गोडाचं जेवणानंतर." आता याच्याशी वाद घालायचा तर अख्खं लहानपण उकरावं लागेल… कशाला कुणाचं मन मोडा! आईनं मटार बाद केले, कारण बाबांना मटाराचा ठसका लागला होता. कधी? माझ्या जन्माआधी! राहिले बटाटे. म्हटलं, बटाट्याच्या वाट्याला कोण जाणार? धाकट्याची बायको गेली ना! "दादा, मी डाएटवर आहे, पण तुम्ही केलंय म्हटल्यावर खावंच लागेल, तर बटाटा तेवढा नको." खावंच लागेल! ऐकलंत? एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता हो. बटाटे पिशवीत परत!

उरलं काय? मैदा, दूध, लोणी आणि चीज. पण ओव्हनमधून काढलं ना, तेव्हा वरून असं सोनेरी, असं फुगलेलं… क्षणभर वाटलं, जमलं! खरंच वाटलं. बसमध्ये भांडं मांडीवर घेऊन बसलो, प्रत्येक खड्ड्याला आतून डुचमळत होतं, पण मी मनाला म्हटलं, तू गप्प बस.

ताईनं चमचा घातला. चमचा थेट तळाशी, टण्ण! सगळे वाकून बघतायत, विहिरीत बादली पडल्यासारखे. "अरे, भाज्या कुठायत?" आणि भावजी, हो, तेच गॅसवाले, म्हणतात, "निदान फ्लॉवर तरी घालायचास!" काकू म्हणतात, "फरसबीनं कशी शोभा आली असती!" कवळी हसतेय वर! मी आईकडे बघितलं. म्हटलं, जन्म दिलाय, ही तरी काही बोलेल. आई म्हणाली, "असू दे रे. सूप छान झालंय."

सूप! बरं, सूप तर सूप. पण वाढायचं कशात? ताई म्हणाली, "ताटल्या काढ." मी म्हटलं, "यंदा माझ्याकडे पदार्थ होता ना!" झालं! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एकानंही आणल्या नव्हत्या! ताईच्या घरातल्या ताटल्या पहिल्या चार-पाच जणांतच संपल्या. मग बाबा बशीत, काकू डब्याच्या झाकणात, भावजी केकच्या टिनमध्ये… झाकणातलं ओघळून काकूंच्या कोपरापर्यंत गेलं. त्या गडबडीत ताई काय म्हणाली ठाऊक आहे? "बघ, तुझ्यावाचून अडतंच रे आमचं!"

माझ्यावाचून! उभ्या आयुष्यात असं कुणी म्हणालं नव्हतं मला. तेवढ्यात तिनं पाठीवर हात ठेवला. "तेव्हा पुढच्या वर्षीपासून पुन्हा ताटल्या तुझ्याकडे. आणि ऐक, जरा जाड आण. गेल्या वर्षीच्या फार पातळ होत्या, सगळेच म्हणत होते."

म्हणजे ताटल्याही जमत नाहीत मला! पण सुट्टीचा दिवस, कशाला कुणाचं मन मोडा! जाड तर जाड.