वीरधवलची कंबर

नाही काकी, उठू नका, शेक चालू आहे अजून — आणि ओळखलं मी तुम्हाला, मगाशी आटपाडीचं नाव काढलंत तेव्हाच. वीरधवलची आई ना तुम्ही, त्याचे डोळे तुमच्यावरच गेलेत. गुडघा सैल सोडा. हां. तो काय म्हणतो माझ्याबद्दल? काहीच नाही? नावसुद्धा काढत नाही? बरोबर आहे त्याचं. तुम्हाला काय सांगितलंय — कोचनं टीममधून काढलं म्हणून? म्हणजे काढलं कोचनंच, पण कोचला सांगितलं कुणी? मी सांगितलं. क्रिकेटच्या टीमची फिजिओ होते ना मी. सगळी पोरं शहरातली, इंग्रजीत बोलणारी, आणि वीरधवल तेवढा माझ्याशी आपल्या बोलीत बोलायचा. एक दिवस सरावाआधी टेबलावर पालथा पडला नि म्हणाला, "मॅडम, बॉल सोडताना कमरंत कळ येतीया. कुणाला सांगू नगा. निवडीची मॅच हाय, तेवढी होऊ द्या." मी म्हणलं, नाही सांगत. असंच म्हणलं मी, काकी. आणि कमरेवर बोटानं दाबलं तर अंग आकसलं त्याचं — मणक्याला चीर असणार, हाताखालीच कळलं मला. खेळला असता तर ती वाढली असती, अंथरुणाला खिळला असता — मग मी काय करायचं होतं?

कोचनं एक्स-रेचा फोटो काढायला लावला, चीर निघालीच. पण त्याला आधी मी सांगायला पाहिजे होतं ना? पायच उचलेना माझा. टीमची नावं वाचून दाखवली तेव्हा त्याला कळलं, सगळ्यांसमोर. माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी न्हाई म्हणला होता, मॅडम." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

व्हय, बरोबरच केलं — सगळे तेच म्हणतात. शाबासकी मिळाली, पुढच्या वर्षीचं काम मिळालं. घेतलं मी. आणि मग एकसुद्धा बोलर माझ्याकडं दुखतंय म्हणून आला नाही. विचारलं की आपलं, "मस्त, मॅडम." मेढ्याचा शंभूराज होता एक, पळत येता येता मैदानातच कोसळला — मांडीचा स्नायू फाटला. आधीपासून दुखत होतं, गोळ्या खाऊन लपवलेलं. म्हणलं, का नाही सांगितलंस रे? म्हणाला, "तुम्हाला?" त्यानंतर आले मी सांगलीला, परत गेले नाही.

वीरधवल डाळिंबाच्या पेट्या उचलतो आता? दिवसभर? मग कमरेतली चीर चांगली भरली म्हणायची — नाही, रडत नाही मी, तुम्ही पाय हलवू नका. आटपाडीहून एवढ्या लांब आलात कुणाबरोबर? — वीरधवल? बाहेर? मगापासून? उन्हात बसलाय गाडीवर? आत बोलवा की त्याला — नको. थांबा, नको, काही बोलू नका. त्यानंच पत्ता दिला माझा? त्यानंच?

झालं, काकी. सावकाश उतरा. जिना उतरताना कठडा धरा. जावा, ताटकळलाय तो — आणि दार तेवढं ओढून घ्या.