पाळकीणबाईंच्या चटईसाठी

आनंद कसला करू, पाळकसाहेब? फोनवर विचारलं होतं, आजही तेच विचारतो. आईला माती द्यायलासुद्धा जो पोचला नाही, त्याला तुम्ही म्हणता, "फेतू, आपण देवाची लेकरं. आपल्याला आशा आहे, आनंद कर."

पण आधी रीत. सभेचे अध्यक्ष, गावचे कुळप्रमुख, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे पाळक इओरामो, पाळकीणबाई सालोफा, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या मंडळींनो, क्वीन्सलँडच्या आंब्याच्या बागेतून तुम्हा सर्वांना वंदन. माझं लिहिलेलं मामेबहीण सिनालेई वाचते आहे. शाळा मी सातवीत सोडली. शब्द वाकडे असतील, पण तिने ते सरळ करू नयेत.

आपल्या देवळात दर रविवारी दान वाचून दाखवतात. कुळप्रमुखाचं नाव, मग रक्कम. माझी आई लेउतू, नवऱ्याने टाकलेली, मामाच्या आसऱ्याला होती. झावळ्यांच्या टोपल्या विणून ती एकेक तालाची नाणी टाकायची आणि नाव वाचलं जायचं मामाचं. एकदा मी चिडलो, "तुझं नाव का नाही गं?"

"देव काय बहिरा आहे?" ती म्हणाली. "मी त्याची लेक. लेकीला नाव सांगून घरात शिरावं लागतं का? गप बस आता, भात खा."

डिसेंबरात, ऐन हंगामात, ती गेली. ठेकेदार म्हणाला, "आत्ता गेलास तर पुढच्या वर्षी येऊ नकोस." मी राहिलो. सगळ्या मंडळीसमोर कबूल करतो, मी राहिलो.

रीतीप्रमाणे तिच्या प्रेतावर घालायला मामाकडे बारीक विणीची चटई होती, पण ती सिनालेईच्या लग्नासाठी राखलेली. (अडखळू नकोस सिने, बाप तुझा असला तरी वाच.) तेव्हा पाळकीणबाई उठल्या, घरी गेल्या आणि पेटीतली स्वतःची घेऊन आल्या. तीन वर्षं विणलेली, आपल्याच मरणासाठी ठेवलेली.

पाळकसाहेबांनी विचारलं, "अगं, मग तुला काय?"

"मला तुमचा रविवारचा कोट घाला. नाहीतरी आता उपासना कुठे घेणार आहात?"

प्रेताजवळ बसलेले हसले म्हणे, आणि हसता हसता रडले. मग साहेबांनी चटई पसरली नि म्हणाले, "बापाच्या घरी निघालेली लेक उघडी जाते का?"

साहेब, तुमचा आनंद मला अजून कळलेला नाही. शिडीवर एकटा असलो की रडतो. पण हल्ली रडताना कुणाच्या तरी पुढ्यात रडतोय असं वाटतं. तुम्ही सांगता तो बाप हाच असेल, तर आशेला मी नाही म्हणत नाही. सध्या एवढंच जमतं.

उद्या तुम्ही निघाल. एकवीस वर्षं राहिलात ते घर नव्या पाळकाचं. तुमच्या गावी तुम्हाला हाक मारणारं आता कोण उरलंय?

थोरांपुढे तोंड वर केलं असेल तर लहान समजून पोटात घाला. ऐकलंत, उपकार झाले. एक मागणं आहे. निरोपाची पाकिटं वाचाल, तेव्हा पाळकीणबाईंच्या नव्या चटईसाठीचं माझं पाकीट मामाच्या नावाखाली घालू नका. माझंही नाव नको. आपलं नाव ऐकायची आईला गरज नव्हती, तिचं ऐकायची मला आहे. कूळ न लावता, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा: लेउतू, आठशे साठ ताला.