फोटोला मिळालेलं काम

…आणि वर मलाच म्हणतात, "तू कशाला रडतेस?" आता रडू नको तर काय करू, तुम्हीच सांगा. रोज संध्याकाळी सीरियलमधली ती बाई माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहते, डोळ्यांना रुमाल लावते आणि म्हणते, "तुम्ही गेलात आणि घर सुनं झालं हो…" आणि हा गेलेला माणूस माझ्या शेजारी बसून टाचेला मलम चोळत म्हणतो, "फ्रेम जरा तिरकी लागलीय."

तुम्हाला सांगते, बत्तीस वर्षं यांनी नटाचं काम केलं. पोस्टमन झाले, वकील झाले, एका नाटकात तर दोनशे प्रयोग पडद्याआडून नुसते खोकले, का तर म्हणे नायिकेचे वडील आत आजारी आहेत. मी म्हणायची, "अहो, लोकांना तोंड तरी दिसू दे." तर हे म्हणायचे, "काम म्हणजे काम." आणि घरी खोकल्याची तालीम. शेजारीण मला औषधं सुचवायची.

तो फोटो मीच काढलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एक खोली, एक खिडकी, कॅमेरा मागून आणलेला, शर्ट माझ्या भावाचा. हे असे ताठ बसलेले, जसे काही दाढ काढायला आलेत. शेवटी मी म्हटलं, "शर्ट उसना असला तरी दात तुमचेच आहेत ना? मग दाखवा की." आणि हे हसले… काय हसले हो! अजून आठवलं की बरं वाटतं. मग केस गेले, पोट आलं, पण काम मागायला जाताना फोटो तोच. नवा काढू म्हटलं की म्हणायचे, "राहू दे, हा लाभतो."

मागच्या वर्षी कामं थांबली. रोज दाढी करून फोनपाशी बसायचे. "बिघडला नाही ना गं?" विचारायचे, म्हणून मी स्वयंपाकघरातून मुद्दाम मोबाइलवरून लावून बघायची. इतक्या घाईने उचलायचे, इतक्या घाईने… मीच तो प्रकार बंद केला.

आणि मग एकदाचा खरा फोन आला. वडिलांचं काम. मी देवापुढे हात जोडतेय तोवर पलीकडून आवाज, "वडील वारलेत. भिंतीवर फोटो लावायचाय, तुमचा तो हसरा पाठवा."

"मी कधी येऊ?"

"तुम्ही कशाला? फोटो पुरे."

यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "काम म्हणजे काम."

तर गेल्या आठवड्यात कळलं, वडिलांना जुन्या आठवणींत हिंडतं-फिरतं दाखवणार. यांनी उरलेले केस रंगवले, पोट आत घेतलं आणि गेले. दिग्दर्शकाने यांच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत यांच्याकडे. "काका, राग मानू नका, पण तुम्ही यांच्यासारखे दिसत नाही." घेतला दुसरा कोणीतरी, फोटोसारखा दिसणारा.

घरी आले, बूटही न काढता बसून राहिले. "काम म्हणजे काम" म्हणाले नाहीत, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं, "उठा, खिडकीत बसा." मोबाइल घेतला. हे तस्सेच ताठ. मी परत तेच म्हटलं, "शर्ट उसना असला तरी…"

"आता शर्ट माझा आहे," हे म्हणाले, "दात उसने आहेत." आणि असे हसले, असे हसले… फोटोत डोळे गच्च मिटलेले. पुसून टाकू म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, हा लाभेल." आणि दिला की हो पाठवून, काम देणाऱ्या सगळ्यांना.

आज सकाळी फोन. दुसरी सीरियल, हॉस्पिटलचा सीन. डोळे मिटून पडायचं, मेलेला माणूस. तेव्हापासून पलंगावर तालीम चालू आहे, माशी बसली तरी हलत नाहीत. मी म्हटलं, "अहो, पुन्हा मेलेल्याचंच काम?"

तर एक डोळा उघडून म्हणतात, "हो, पण या वेळी स्वतः जायचंय."