खाणीतलं टेबल

(पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीच्या काठावर डायव्हिंग क्लबची सामानाची खोली. भिंतीवर हँगरला रबरी पोशाख, कोपऱ्यात हवेच्या टाक्या. आज क्लबचा वार्षिक दिवस. दोन म्हाताऱ्या जावा बाकावर बसून क्लबचं बातमीपत्र तयार करताहेत. थोरली रबरी पोशाख चढवून तयार; ती सांगते आहे, धाकटी लिहिते आहे.)

थोरली: आणि पुढची बातमी अशी लिही, की बेकरीवाल्यांची लग्नातली अंगठी खाणीत पडली आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर सापडली.

धाकटी: हे छापू नका म्हणालेत ते.

थोरली: का? सापडली ना?

धाकटी: पडली होती हेच बायकोला माहीत नाही.

थोरली: मग नाव नको घालूस. ‘एका सभासदाची एक मौल्यवान वस्तू’ असं लिही.

धाकटी: ताई, अंगठी घालून पाण्यात उतरणारा आपल्यात एकच माणूस आहे. खोडते मी.

थोरली: खोड बाई. या क्लबात ज्या बातम्या वाचाव्याशा वाटतात, त्या छापता येत नाहीत. आणि छापायच्या त्या कसल्या, तर कॉम्प्रेसरचा आवाज कमी झाला. कमी कुठे झालाय? परवा टाक्या भरत होते तेव्हा माझ्या चहातसुद्धा लाटा उठत होत्या.

धाकटी: ‘काहीसा कमी झाला’ असं लिहिलंय.

थोरली: नर्सबाईचं आणि बसड्रायव्हरचं जमलं, ते तरी छापायचं ना?

धाकटी: लिहून झालं. ‘पाण्यातली जोडी आता घरातलीही जोडी होणार.’

थोरली: वा! पाण्याखाली जमलं ते फार बरं झालं. तिथं दोघांच्या तोंडात नळी. कोणी काही बोलून घाण करायची भीतीच नाही.

धाकटी: वर आल्यावर बोलतील की.

थोरली: तोवर लग्न झालेलं असेल. चल, पुरे आता. टाकीवाले खाली गेलेसुद्धा. पोशाख चढव.

धाकटी: तुम्ही व्हा पुढे. मला हे पुरं करायचंय.

थोरली: हे कसं पुरं करणार? पहिल्या पानावर पत्त्यांच्या डावाची बातमी असते. डाव व्हायचाय अजून.

धाकटी: जागा सोडलीय. तुम्ही जिंकून या, मी नाव घालते.

थोरली: मी जिंकून येऊ? एकटी?

धाकटी: नर्सबाई बसेल तुमच्या जोडीला. बोललेय मी तिच्याशी.

थोरली: हे बघ, ते टेबल खाली ठेवलं तेव्हापासून तुझ्यामाझ्याशिवाय डाव झालेला नाही. आठवतंय ना? हॉटेलवाल्याकडचं मोडकं लोखंडी टेबल, चार खुर्च्या, आणि लोक म्हणत होते की चार माणसं एकावर एक उभी बुडतील इतक्या खोल पाण्यात बसून पत्ते कोण खेळणार! पहिल्या वर्षी कागदी पत्ते नेले होते आपण.

धाकटी: तुम्ही नेले होते.

थोरली: बरं, मी नेले होते. राजा, राणी, गुलाम, सगळ्यांचा लगदा झाला. दुसऱ्या वर्षीपासून प्लॅस्टिकचे. आणि हरणाऱ्या जोडीनं वर्षभर सगळ्यांचे पोशाख धुवायचे. आपण कधी धुतलेत?

धाकटी: एकदा.

थोरली: एकदा, तेव्हा मला सर्दी होती. आणि आता तू त्या नर्सबाईला बसवतेस माझ्यासमोर! तिला पत्ते तरी येतात का?

धाकटी: शिकवले.

थोरली: आणि बुडबुडे?

धाकटी: काय?

थोरली: ऐकू आलंय तुला. बुडबुडे शिकवलेस का?

धाकटी: एक मोठा सोडला म्हणजे हुकमाचा एक्का हातात आहे. दोन लहान म्हणजे हा हात तुम्ही घ्या. सगळं शिकवलंय.

थोरली: अगं, घरातली विद्या परक्या पोरीला देऊन टाकलीस! समोरच्या जोडीतले ते दातांचे डॉक्टर बिचारे इतकी वर्षं समजतात की तुला धाप लागते. मागच्या वर्षी मला बाजूला घेऊन म्हणाले, धाकट्या वहिनींना छातीच्या डॉक्टरला दाखवा.

धाकटी: तिला आणखीही सांगितलंय. तुम्ही टाकीची किल्ली पूर्ण उघडायला विसरता. डाव्या पायातला पोहायचा रबरी पंख ढिला घालता. आणि कमरेचा शिशाचा पट्टा नेहमी सैल असतो, तो न विसरता आवळायचा.

थोरली: माझं इतकं वर्णन तर लग्न ठरवतानाही केलं नव्हतं कोणी.

धाकटी: जा आता. ती खाली वाट बघत असेल.

थोरली: तू का येत नाहीस?

धाकटी: गार आहे पाणी.

थोरली: पाणी दरवर्षी गारच असतं. खाण आहे ती, न्हाणीघर नाही.

धाकटी: गुडघा दुखतोय.

थोरली: मघाशी शिडीवर चढून वरच्या फळीवरचं रजिस्टर काढलंस.

धाकटी: पोशाख घट्ट होतो.

थोरली: तो आहे कुठे? तुझा हँगर रिकामा दिसतोय.

धाकटी: कपाटात ठेवलाय.

थोरली: पाहिला मी. पावडर लावून, घडी घालून, पिशवीत बांधून ठेवलायस. रबराची घडी घातली तर चिरा पडतात, हे नव्या पोरांच्या अंगावर ओरडून कोण सांगतं? तूच ना? पोशाखाची घडी कोण घालतं गं? ज्याला तो पुन्हा घालायचा नसतो, तो.

धाकटी: तुम्ही माझं कपाट कशाला उघडलंत?

थोरली: बिस्किटं शोधत होते. विषय बदलू नकोस.

धाकटी: कान गेला, ताई.

थोरली: कुठला?

धाकटी: उजवा. पडद्याला भोक पडलंय. डॉक्टर म्हणाले, पाण्याचा एक थेंबसुद्धा आत जाता कामा नये. बुडी मारणं कायमचं बंद.

थोरली: कोणते डॉक्टर? दातांचे?

धाकटी: कानांचे! कान दातांचे डॉक्टर कशाला बघतील?

थोरली: नाही, आपल्या दातांच्या डॉक्टरांना आपण हरायला हवेच आहोत, म्हणून विचारलं.

धाकटी: हसू नका हो. सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये याच कानावर केली. तेव्हा टिकला. आणि आता...

थोरली: मला सांगितलं का नाहीस?

धाकटी: सांगितलं असतं तर तुम्हीही बंद केलं असतं.

थोरली: केलं असतं.

धाकटी: बघा! तुम्हाला कोणी काही थांबवलेलं नाही. तुमचे कान ठणठणीत, छाती ठणठणीत. माझ्यापायी तुम्ही काठावर बसून राहाल आणि रोज सकाळी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकाल. ते मला नको होतं. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला दुसरी जोडीदारीण तयार करून द्यावी, मग सांगावं.

थोरली: आठवतं का गं, आपण दोघी बोलत नव्हतो तेव्हाचं?

धाकटी: शिलाईच्या मशीनवरून.

थोरली: मशीन माझं होतं.

धाकटी: ते सासूबाईंनी दोघींना दिलं होतं. आता नका काढू ते.

थोरली: नाही काढत. पण माझंच होतं. एका घरात, एका स्वयंपाकघरात, दोन वर्षं एक शब्द नाही. मीठ हवं असलं तरी मुलांकडून निरोप. आणि या दोघा भावांना नेमकं तेव्हाच डायव्हिंगचं वेड लागलं. बायकांनाही ओढत आणलं. आणि तो शिकवणारा, त्याला घरातलं काय माहीत? त्यानं आपली सरळ दोघींची जोडी लावली. म्हणाला, उतरण्याआधी प्रत्येकीनं दुसरीची हवा तपासायची, पट्टा तपासायचा. त्याशिवाय पाण्यात पाय ठेवायचा नाही.

धाकटी: तुम्ही माझा पट्टा इतका आवळला होतात की मला श्वास घेता येईना.

थोरली: रागात होते. पण हवा नीट तपासली होती.

धाकटी: तपासली होती खरी.

थोरली: घरी मीठ मागत नव्हतो आणि इथं येऊन एकमेकींची हवा बघत होतो. कधी बोलायला लागलो ते आठवतसुद्धा नाही मला.

धाकटी: मला आठवतं. तुम्ही पाण्यातून वर आलात, तोंडातली नळी काढलीत आणि म्हणालात, ‘अगं, खाली केवढा मोठा खेकडा होता, बघितलास का?’

थोरली: होताच मोठा.

चिटणीस: येऊ का आत? नमस्कार. काकू, काय आहे की, काम झालं! टेबल आलं बरं का. फुगे बांधले, हवा भरली आणि असं अलगद वर आलं, की बसड्रायव्हर तर टाळ्याच वाजवायला लागला. खुर्च्याही आल्या. काठच्या पाण्यातल्या पायऱ्यांशी लावून ठेवलंय. आता फक्त, काय आहे की, एक खुर्ची जरा डुगडुगते...

थोरली: अहो चिटणीस, तुमच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ.

चिटणीस: म्हणजे? अजून सांगितलं नाहीत होय? तुम्हीच म्हणालात, टेबल वर आलं की धावत येऊन सांगा.

थोरली: मला सांगा म्हटलं होतं. खुणेनं.

धाकटी: कुठलं टेबल? आपलं? वर का काढलं?

चिटणीस: काकू, मी निघतो. डुगडुगणाऱ्या खुर्चीखाली दगड सरकवायचाय.

धाकटी: थांबा तिथेच. किती पाण्यात लावलंय टेबल?

चिटणीस: बसलं की, काय आहे की, छातीपर्यंत. डोकं, मान, कान, सगळं बाहेर. थोरल्या काकूंनी स्वतः उभं राहून माप दिलं.

धाकटी: म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ताई?

थोरली: गेल्या आठवड्यापासून. ती नर्सबाई रडवेली होऊन आली माझ्याकडे. म्हणाली, ‘धाकट्या काकू मला तुमचा पट्टा कसा आवळायचा ते पुन्हा पुन्हा शिकवताहेत. त्या कुठे चालल्यात का?’ मग मी कपाट उघडलं. बिस्किटं नव्हतीच त्यात. पिशवीखाली कानांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती.

धाकटी: आणि मघापासून हे ‘तू का येत नाहीस’, ‘कोणते डॉक्टर’, हे सगळं नाटक?

थोरली: तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू निरोप नर्सबाईकडून पाठवलास. मिठासारखा.

धाकटी: नाही, ताई. हे बरं नाही केलंत. माझ्या एका कानासाठी सगळा क्लब उथळ पाण्यात आणून बसवायचा? कीव करतील लोक.

चिटणीस: नाही हो काकू. उलट दातांचे डॉक्टर फार खूश आहेत. म्हणाले, आता डोकं पाण्याबाहेर, म्हणजे धाकट्या वहिनींना धाप लागायचं कारण नाही. असं म्हणाले आणि, काय आहे की, डोळा मारला.

थोरली: डोळा मारला?

चिटणीस: दोनदा.

धाकटी: म्हणजे त्यांना कळलं होतं.

थोरली: चिटणीस, तुम्ही जा. दगड सरकवा. आणि बुडबुड्यांची बातमी छापायची नाही.

चिटणीस: कसले बुडबुडे?

थोरली: जा हो तुम्ही.

धाकटी: गेले. आता खरं सांगा. वार्षिक डाव तळाशी खेळायचा असतो. छातीभर पाण्यात बसून खेळलो तर तो कसला डाव?

थोरली: नियम मी केलाय. ‘पाण्यात बसून खेळायचा’ एवढंच आहे त्यात. किती खोल, ते मी घातलेलं नाही.

धाकटी: आणि पुढच्या रविवारी? त्याच्या पुढच्या? सगळे तळाशी जातील तेव्हा?

थोरली: तेव्हा मी नर्सबाईबरोबर जाईन. तू शिकवलेलं फुकट घालवणार नाही. आणि वर आले की नळी काढून तुला सांगेन खाली काय बघितलं ते. डाव्या कानात सांगेन.

धाकटी: नक्की जाल? सुस्कारे टाकत बसणार नाही ना?

थोरली: जाईन. पण आज नाही. आज तुझ्याबरोबर खेळायचंय. आणि न्यायानं खेळावं लागणार आहे, तेव्हा बहुतेक हरणार आपण. वर्षभर सगळ्यांचे पोशाख धुवावे लागतील.

धाकटी: ते दातांचे डॉक्टर पत्ता टाकण्याआधी भुवई उडवतात. काच नसली तोंडावर, तर तुम्हालाही दिसेल.

थोरली: खरंच? मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस!

धाकटी: इतक्या खोल पाण्याखाली कसं सांगणार?

थोरली: काढ तुझा तो पोशाख पिशवीतून. सुरकुत्या पडल्या असतील.

धाकटी: छातीभर पाण्याला पोशाख कशाला?

थोरली: गार आहे म्हणालीस ना मघाशी? आणि माझ्यासारखा शिशाचा पट्टाही बांध. रबर तरंगतं. ऐन डावात खुर्चीवरून वर उठून वाहत गेलीस, तर मी पत्ते सांभाळू का तुला?

धाकटी: ही पावडर निघत नाहीये नीट. थांबा, हात अडकला. ओढा जरा. हं. झालं.

थोरली: चल. वाट बघताहेत.

धाकटी: अशा कुठे निघालात? तपासायचं राहिलं.

थोरली: आज टाकी नाही, नळी नाही. तपासणार काय?

धाकटी: पाण्यात पाय ठेवण्याआधी तपासायचं. वळा. हात वर करा. बघा, हा पट्टा! शिवणाचे क्लास घेतलेत तुम्ही, लोकांच्या कमरेची मापं घेतलीत, आणि स्वतःचा पट्टा एकदाही धड बांधता येत नाही?

थोरली: येतो की.

धाकटी: मग दरवेळी सैल कसा असतो?

थोरली: तू आवळतेस म्हणून.