जर्मनच्या दोन होड्या

वाजव, अजून एकदा वाजव, कान देऊन वाजव म्हणतो ना तुला, आसं आमचे चेअरमन व्यंकट आण्णा तळ्याच्या काठाला उभं राहून वरडत व्हते, तो आवाज लोहाऱ्याच्या स्टँडावर ऐकू गेला आन् कंडक्टरनं घाबरून बेल मारली म्हणतात, आन् म्या खाली वाकून बोटाच्या पेरानं होडी वाजवत व्हतो. होडी बरं का, माठ न्हाय. दोन होड्या व्हत्या, सोसायटीनं त्यातली एक ठिवून घ्यायची व्हती, आन् जी ठिवतील तिच्यात रोज बसून पाण्यात जाणार व्हतो म्या. बूड माझं आन् कान आण्णांचा, आसा न्याय व्हता तो.

आता म्या कोण ते सांगतो, न्हायतर तुमी म्हणाल हा कशाला मधी बोंबलतो. माझं नाव किसन. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आन् तिच्या खाली वढ्याच्या कडंला माझ्या बापाचं शेत. थोडकं व्हतं पर काळं, लोण्यासारखं. त्यात बापानं आपल्या हातानं विहीर खांदली, आत उतरायला दगडाच्या पायऱ्या काढल्या, एक एक पायरी कुल्यावर बसून घासली म्हणायचा. म्या रांगायच्या आधी त्या पायऱ्या उतरलो आसं आमची आई सांगायची. मंग आला बहात्तरचा दुष्काळ. काय सांगू तुम्हाला, कावळं पाण्यासाठी भांडून भांडून पांढरं पडलं त्या साली. सरकारनं वढ्यावर तळ्याचं काम काढलं, आन् म्या, माझी बायको जिजा, सगळी वस्ती, सरकारी मदतीची सुकडी खाऊन त्या तळ्याच्या पाळूची माती डोक्यावर वाहिली. म्या एवढी वाहिली की माझी मान आत गेली, ती आजून वर आली न्हाय, बघा हवं तर. आन् पाऊस आला तवा त्याच तळ्यानं पयलं गिळलं कुणाचं शेत, तर माझं. विहिरीसकट.

मंग साहेब लोक आलं, म्हणलं जमीन गेली त्यांची मासेमारीची सोसायटी करा, कोऑपरेटिव. आवो, आमच्या गावात पोहता येत व्हतं ते फक्त म्हशीला. पर सोसायटी झाली, आन् चेअरमन कोण, तर व्यंकट आण्णा, ज्यांचं शेत वरच्या माळावर, त्यांच्या बांधाला तळ्याचा थेंब सुदिक लागला न्हवता. मला होडीवर घेतलं कारण आण्णांच्या मळ्यातलं डिझेलचं इंजन म्याच चालवायचो. शेत गेलं पर हे काम आलं, सोसायटीच्या होडीवरचं, इंजनवाल्याचं, मानाचं. जिजा म्हणली चला, रोजगार हमीची खडी फोडण्यापरीस बरं.

तर त्या होड्या. सोलापूरकडनं ट्रकमधून आल्या, दोन्ही जर्मनच्या. आमच्याकडं पातेली असतात न्हवं पांढरी हलकी, त्याला जर्मन म्हणत्यात, त्याच जर्मनच्या, मागं टांगायचं इंजन. दोन्ही एवढ्या सारख्या की एकीला हात लावला तर दुसरीला गुदगुल्या व्हाव्या. यापाऱ्याचा माणूस म्हणला, एक तुमी ठिवा, दुसरी कळंबकडच्या सोसायटीला जायची हाय, तुमचं गाव आधी लागतंय म्हणून निवड तुमची. झालं. सगळं गाव काठाला. आन् आमच्या गावाला निवडायचं ठावं एकच, बैलबाजार. म्हातारी माणसं होडीच्या पोटाखालनं हात फिरवायला लागली, मागं जाऊन खुब्याचं हाड बघायला लागली, एक जण तर पुढं वाकून दात शोधत व्हता. एक म्हातारा रडकुंडीला आला, म्हणला लेकरांनो एवढी देखणी जोडी हाय, जोडी फोडू नका, पाप लागंल.

पर आण्णांनी सगळ्यांना मागं सारलं. पंचक्रोशीत कुणाच्या घरी लगीन आसलं तर रांजण-माठ निवडायला आण्णाच, एक टिचकी मारली की सांगणार, हा झिरपंल, हा टिकंल. म्हणून मला म्हणले, किसन्या, वाजव. म्या एक वाजवली, तर खण्ण झालं, देवळातल्या घंटीवाणी. दुसरी वाजवली तर भद्द, भिजल्या पोत्यावाणी. परत खण्ण, परत भद्द. आण्णा म्हणले ही दुसरी फुटकी हाय. यापाऱ्याचा माणूस म्हणला, न्हाय मालक, फुटकी न्हाय, तिच्या बाकाखाली आत भरलेलं हाय म्हणून आवाज बसतोय. तो पुढं सांगणार व्हता कशाला भरलंय, पर भरलंय म्हणल्यावर आण्णांचं डोळं आसं बारीक झालं. म्हणले, बाजारात बकरं आणताना मीठ चारून पाणी पाजून पोट भरतात, तसं भरलंय व्हय? दुष्काळात रेशनच्या लाल ज्वारीत खडं भरून दिलं ते खाल्लं, आता होडीत बी भरलेलं घ्यावं? सगळं गाव हासलं. त्या माणसानं गॉगल लावला आन् गप बसला, त्याला काय, दोन्ही त्याच्याच.

म्या म्हणलो आण्णा, थांबा. म्या दोन्ही पाण्यात घालून उभा राहून बघितल्यात, खण्णवाली पाय ठिवला की नव्या कालवडीवाणी आंग काढती, भद्दवाली माझ्या सासूवाणी बसली ती बसली, हालत न्हाय. आन् मला पोहता येत न्हाय. आत काय भरलंय ते मला बी ठावं न्हवतं, मला वाटलं थंडीत बूड गरम ऱ्हावं म्हणून आसंल. पर हालत न्हाय एवढं तर माझ्या बुडाला कळलं व्हतं का न्हाय? आण्णा म्हणले, किसन्या, बसायचं काम तुझं, निवडायचं काम कमिटीचं. हात वर करा म्हणले खण्णवालीला. सगळ्यांचं हात वर. म्या न्हाय म्हणायला हात वर केला, तो बी त्यांनी त्यातच धरला. तुमीच सांगा, न्हाय म्हणायला माणसानं काय पाय वर करावा?

भद्दवाली कळंबला गेली. खण्णवालीला हार घातला, आण्णांनी तिच्या नाकावर नारळ फोडला, तिथं खळगा पडला तो आजून हाय. आमच्यात नारळ-बिरळ न्हाय, म्या आपला मागं इंजनापाशी बसलो. आन् मंग आण्णा चढलं, कमिटी चढली, ताशेवाला ताशासकट चढला, आण्णांचा पुतण्या बाळू चढला. म्या म्हणलो एवढं जण नको. आण्णा म्हणले, चल.

निघालो. पाऊस त्या साली बी दगा देऊन गेलेला, तळं आटून छातीएवढं राहिलेलं, सगळ्या तळ्यात माणूस उभा राहू शकंल आसं. मधोमध गेलो तवा काठावरनं बायांनी हाळी दिली, आण्णांनी हात हलवायला आंग त्या अंगाला टाकलं, त्यांच्यामागं सगळी कमिटी, कमिटीच ती, आण्णा जिकडं तिकडं. खण्णवालीनं एक कड खाली घेतली, पाणी आत आलं, आन् मंग तिनं जरा सुदिक इचार केला न्हाय, मागलं बूड खाली घालून माठावाणी बुडबुड करत गेली. सगळे छातीएवढ्या पाण्यात उभे. आण्णा उभे, बाळू उभा, ताशेवाला ताशा डोक्यावर घेऊन उभा. म्या न्हाय. म्या होडीसंगं खाली, खाली, आन् खाली, कारण सगळ्या तळ्यात खोल जागा एकच व्हती, आन् ती माझ्या बापाची विहीर.

तुमी खोटं म्हणा, खुशाल म्हणा. आत काळोख, नाकात गाळ, एक मरळ मासा माझ्याकडं बघत उभा, ह्यो कोण आला म्हणून. म्हणलं किसन, खलास. आन् हात मारता मारता माझा पाय लागला पायरीला. घासलेली, गुळगुळीत. डोळं मिटून म्या चढलो, वरची, मंग वरची, मध्ये एक तुटलेली व्हती ती पायानंच सोडली, आन् विहिरीच्या काठावर पाण्यातनं डोकं बाहीर काढलं. तळ्याच्या काठावर लोक म्हणायला लागलं, अरे हा तर पाण्यातनं चालत आला. जिजा गुडघ्याएवढ्या पाण्यात येऊन उभी व्हती, लुगडं भिजलेलं.

होडी बैलं लावून काढली. इंजनात गाळ. चार दिवसानं मीटिंग झाली आन् आण्णांनी सायबापुढं सांगितलं, होडीला काय सुदिक दोष न्हाय, ह्या किसनला आपल्या शेतावरनं जायची हौस, मुद्दाम विहिरीवर नेली. मुद्दाम! आवो, मधोमध शेतच माझं हाय, जाणार कुठनं? आभाळातनं? होडीवरनं मला काढलं, बाळूला ठिवलं.

मंग म्या यष्टीनं कळंबला गेलो, त्या भद्दवालीला बघायला. तिथल्या होडीवाल्यानं माझ्यादेखत तिच्यात काठोकाठ पाणी भरलं, आन् वर बसून बिडी वढली. बुडत न्हाय! एक बाक उचकटलेलं व्हतं, आत पांढरं हलकं थर्मोकोल, मुरमुऱ्याच्या लाडवावाणी. ते भरलं व्हतं तरंगायला. म्या मूठभर पुरावा म्हणून धोतरात बांधून आणलं, आण्णांच्या ओट्यावर ठिवलं, म्हणलं आण्णा ही तुमची भेसळ. आण्णांनी फुंकर मारली, ते उडालं. म्हणले, तिकडचं पाणी जड आसंल.

आता आण्णा बी गेलं, सोसायटी बी गेली. खण्णवाली तळ्याच्या काठाला पालथी पडली हाय, सावलीला शेरडं बसतात तिच्या. देवाधर्माचं म्हणत न्हाय, पर ज्यानं त्यानं सुखी ऱ्हावं, आण्णांच्या नातवंडांनी बी. तरी म्या तिथनं जाताना आजून शिव्या देतो, काय करू.

कळंबहून आलो त्या सांजंला म्या घरी लई वरडलो. आण्णांना, कमिटीला, यापाऱ्याला, सरकारला, वस्तीतली कुत्री सुदिक गप झाली एवढा वरडलो. जिजा चुलीपुढं भाकरी थापत व्हती, तिनं वर बघितलं न्हाय. सगळं झालं तवा म्हणली, शेत बुडलं तवा एवढं वरडला न्हवता तुमी.