खांबातला माल

वडील : नाही म्हणालो ना. मघाशी नाही, आता नाही, आणि चहा पिऊन पुन्हा विचारलंस तरी नाही.

मुलगी : बाबा, पूर्ण ऐकून तरी घ्या. उद्याच्या सभेत तुम्ही फक्त समोर बसायचं. बोलायचं काम कंपनीची माणसं करतील. शेवटी तुम्ही एवढंच म्हणायचं, की मी आयुष्यभर या खाणीचे नकाशे काढले आणि मला खांब काढण्याच्या या कामात धोका दिसत नाही.

वडील : आणि दिसत असला तर?

मुलगी : गल्ली तुमचं ऐकते, म्हणून म्हटलं.

वडील : गल्ली माझं ऐकते, कारण मी गल्लीशी कधी खोटं बोललो नाही. तेवढं एकच भांडवल आहे माझ्यापाशी, आणि ते तुझ्या साहेबांना फुकटात हवंय.

मुलगी : तुमच्या वेळीही साहेब होतेच की.

वडील : होते. आमचे मोठे साहेब फाटक्या तोंडाचे, पण खांबाला हात लावू द्यायचे नाहीत. खाणीचं छत तोलायला दगडाचे जे खांब सोडले होते, त्यांत सगळ्यात उंची माल आहे हे त्यांनाही दिसत होतं. मी नवा होतो. हुशारी दाखवायला गेलो आणि शिल्लक मालात खांबही धरले. कागद माझ्या अंगावर फेकला त्यांनी. म्हणाले, उद्या स्वतःच्या घराच्या भिंतीही विकायला काढशील.

मुलगी : तेव्हाचा भाव आणि आजचा भाव यात काही फरक आहे की नाही?

वडील : भावाचं तू मला शिकवू नकोस. तू लहान होतीस तेव्हा भाव पडला. एका सकाळी फाटकावर पाटी लागली, खाण संपली. संपली? मी आदल्याच दिवशी खाली मोजणी करून आलो होतो. दगड तोच, दगडातला धातू तोच. तरी निम्मी गल्ली घरी बसवली. तुझी ती घाऱ्या डोळ्यांची मैत्रीण आठवते? तिच्या बापाने सामान विकून गाव सोडलं. मग भाव चढला, आणि जो दगड कचरा म्हणून ढिगावर टाकला होता, तोच गाड्या भरभरून कारखान्यात नेला. आता ढीग संपला, तर यांना खांब दिसायला लागले. दगडाला माल म्हणायचं की कचरा, हे खाली खाणीत ठरत नाही बाई. ते लांब कुठेतरी भावाच्या फळ्यावर ठरतं.

मुलगी : हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं. ज्या दगडात फायदा, ते खनिज.

वडील : आणि ज्या दगडावर घरं उभी आहेत, त्याला काय म्हणायचं ते कुठल्या वर्षी शिकवलं?

मुलगी : हाणा, टोमणे हाणा. पण पद्धत तर समजून घ्या. कारखान्यात उरलेला गाळ घ्यायचा, त्यात सिमेंट मिसळायचं, नळाने खाली सोडायचा आणि खांबाभोवतीची पोकळी गच्च भरायची. तो भराव दगडासारखा घट्ट झाला, की मगच खांब काढायचा. जगभर असं करतात. मी स्वतः जाऊन पाहिलंय.

वडील : पद्धत वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. सिमेंट आलंय का?

मुलगी : मागवलंय.

वडील : आलंय का?

मुलगी : येईल. ते आल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि माझ्या सहीशिवाय काम सुरू होत नाही.

वडील : डोंगराच्या अंगाला जुन्या लोकांचं काम आहे, तुला एकदा नेलं होतं बघ. दगडाला आग लावून तापवायचे, वरून पाणी मारायचे, तडकला की घणाने फोडायचे. कोण जाणे किती शतकं झाली. त्यांचे खांब काजळीने काळे पडलेत, पण अजून उभे आहेत. दिवा धरला तर त्यात आजही धातू चमकतो. त्यांनाही चमकलाच असेल. तरी सोडला. आणि त्यांच्यात एकही इंजिनियरीणबाई नव्हती.

आई : तुमचं भांडण झालं असेल, तर कोणीतरी स्वयंपाकघराचं दार उघडा. मी आत अडकलेय.

वडील : खालून लाथ मार.

आई : मारली. या वयात बायकोला दाराला लाथा मारायला लावणारे तुम्हीच.

मुलगी : आई, बाजूला हो, मी ढकलते. हं, आलं. हे कधीपासून असं अडतंय?

आई : बरेच दिवस झाले. सुताराने दोनदा रंधा मारला. आता आणखी तासलं, तर दाराऐवजी पडदाच लावलेला बरा.

वडील : ओलं लाकूड गळ्यात मारलं त्याने. चोर आहे. मी त्याला तोंडावर सांगितलं.

आई : तुम्ही एकटेच नाही सांगत. सगळी गल्ली त्याच्या नावाने बोटं मोडतेय. शिंप्याचं दार लागत नाही. शाळेच्या बाईंच्या खिडकीची काच बसल्या बसल्या तडकली. बेकरीवाल्यांनी तर दाराला दोरी बांधलीय. परवा बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, वहिनी, शिंप्याच्या दाराला मी कधी हातसुद्धा लावला नव्हता. ते त्यांच्या आजोबांच्या वेळचं आहे.

वडील : काय म्हणालीस?

आई : रडकुंडीला आला होता.

वडील : ते नाही. शिंप्याचं दार जुनं आहे?

आई : सागाचं. हलवायला दोन माणसं लागतात.

वडील : मग ते कशाला फुगेल. समोरच्या बाजूला कोणाची दारं अडतायत?

आई : समोर कोणाचीच नाहीत. उलट हसतात आपल्याला. तुमच्या बाजूची माणसं जाड झाली म्हणतात.

वडील : माझा ओळंबा कुठाय? आण लवकर.

(वडील चौकटीला ओळंबा लावून बघतात.)

वडील : दार चांगलं आहे. चौकट कललीय.

मुलगी : किती?

वडील : चांगली बोटभर. आता तू सांग मला. आपली बाजू, शिंप्यापासून बेकरीपर्यंत. बरोबर खाली काय येतं?

मुलगी : सासूबाई. तिच्या पुढे मामा. बेकरीखाली दोघी जावा.

आई : कोणाच्या सासूबाई?

वडील : खांबांची नावं आहेत गं ती, कामगारांनी ठेवलेली. दोन खांब जवळजवळ, पण एकमेकींकडे पाठ करून, त्या जावा. सासूबाई सगळ्यांत जाड. काही झालं तरी जागची हलत नाही, म्हणून.

आई : म्हणजे इतकी वर्षं मी सासूबाईंच्या डोक्यावर संसार केला आणि मला कोणी सांगितलं नाही.

वडील : आता हललीय ती.

मुलगी : शक्य नाही. बाबा, काम सुरूच झालेलं नाही. खाणीच्या खालच्या मजल्यावर हवा खराब आहे म्हणून तिकडे कोणालाच सोडत नाहीत. मलासुद्धा नाही.

वडील : हवा खराब आहे हे कोणी सांगितलं?

मुलगी : साहेबांनी.

वडील : तू मोजलीस?

मुलगी : थांबा. मुकादमाला फोन लावते. हॅलो, मुकादम, मी बोलतेय. एक विचारते, सरळ उत्तर द्या. खालच्या मजल्यावर तुमची माणसं आहेत का? नाही, हवेचं राहू द्या. कधीपासून? नुसत्या कडा म्हणजे किती? सासूबाईच्या सगळ्या बाजूंनी? आणि भराव? बरं. नाही, तुमच्यावर नाही चिडले. एक करा, सगळ्यांना वर घ्या. आत्ताच्या आत्ता. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा. हो, मी बघते काय ते.

वडील : बोल.

मुलगी : कडा छाटतायत. खांब निम्मे उरलेत. भराव नाही, काही नाही. सिमेंट महाग पडतं म्हणून मागवलंच नव्हतं. माणसं खाली उतरवताना त्यांना सांगितलंय, बाईंची सही झालीय.

वडील : आणि सही कधी घेणार होते?

मुलगी : उद्या, सभा आटोपल्यावर बोलावलंय मला साहेबांनी. तारीख मागची घालणार असतील. तुम्ही गल्लीला सांगणार धोका नाही, मी कागदावर लिहिणार धोका नाही, आणि उद्या भिंत कोसळली की ते हात वर करणार. बापलेकीने खात्री दिली होती, आम्ही काय करणार.

आई : केसाने गळा कापणारी माणसं आहेत ही. लोकांच्या पोराबाळांच्या अंगावर छप्पर आणायचं, आणि वर बोलायला तुझ्या बाबांना खुर्ची द्यायची.

मुलगी : आणि मी दुपारपासून त्यांची बाजू घेऊन इथे भांडतेय. मला इतका संताप येतोय ना आई, आणि तेवढीच लाज वाटतेय.

वडील : लाज मला वाटली पाहिजे. आयुष्य मोजणीत गेलं, आणि स्वतःच्या घराची चौकट कलली तेव्हा मी त्या गरीब माणसाला चोर म्हणत बसलो. पण ते नंतर. सरकारी खाण निरीक्षकांना कळव.

मुलगी : कळवते. नोकरी जाईल बाबा.

वडील : जाईल.

आई : जाऊ दे. अशा भाकरीने पोट भरत नाही. मी सांगते तुला, जाऊ दे.

वडील : निरीक्षक आज काही यायचे नाहीत. तोवर या बाजूला कोणी झोपायचं नाही. अर्धवट कापलेला खांब विचारून पडत नसतो.

मुलगी : एवढ्या लोकांना न्यायचं कुठे? शाळेत?

वडील : शाळेखाली जुनी पोकळी आहे.

मुलगी : मैदानावर?

वडील : मैदानाखालून मोठा बोगदा जातो. या गावात पाय ठेवायला धड जागा ठेवली नाही यांनी.

आई : तुमच्या साहेबांचा बंगला कुठे आहे, टेकडीवरच ना? त्याच्या खाली काय आहे?

मुलगी : काही नाही. नुसता काळा खडक. धातूचा कण नाही त्यात. म्हणून तर बंगला तिथे बांधला.

आई : अंगण मोठं आहे का?

मुलगी : आहे की. हिरवळ लावलीय.

आई : मग मी शिंप्याकडे सांगते, तू बेकरीकडे जा. म्हातारी माणसं पुढे काढा, आणि अंथरुणं सोबत घ्यायला सांग.