चिंचेखालचं घर

हॅलो?… हॅलो… कोण बोलतंय?

आरोही? कुठली आरोही?… वाशीची. बरं… व्हय, मी जगदेवीच. हिंगमिरे वस्ती, तामलवाडीजवळ. नंबर कुणी दिला?… रामहरी दुकानदारानं? बरं केलं बाई. म्हैना झाला, फोन वाजलाच न्हवता.

नकाशा? कसला?… मोबाईलमधला. आन् तुमी समदी मिळून करता, फुकट? लई रिकामटेकडी दिसता की गं!… चेष्टा केली, सांग.

काय काढून टाकायलेत?… वस्तीचं नाव? का म्हणून? माझ्या सासऱ्यांनी वसवली ही वस्ती!

…अगं, वरून फोटू काढला म्हणून काय झालं? ती पडकी घरं दिरांची. ते गेले सोलापूरला. माझं घर चिंचंखाली हाय, वरून कसं दिसंल?… व्हय, ऱ्हाते की! एकटीच. एक शेळी हाय. शेळी धरत न्हाईत का तुमच्यात?

हो, हो… अगं ऐक ना. काढा म्हणणारे किती?… सहा. आन् ठेवा म्हणणारे?… तू एकटीच. सात दिसांची मुदत सरली, आन् आज काढणार?

मग लिही की, जगदेवी ऱ्हाते म्हणून… आं? इथल्याच माणसानं सांगितलंय? म्हणून समद्यांनी त्याचं धरलं? काय लिवलंय त्यानं? वाच बरं.

…

परत वाच.

‘तिथं आता कुणीच राहत नाही. आई माझ्याजवळ असते.’… नाव काय म्हणलीस?… मल्लेश.

न्हाय गं, ऐकू येतंय… व्हय. माझाच ल्योक. पुण्याला असतो. नेतो नेतो म्हणतोय, चार वर्सं झाली. लोकांला असं सांगायलाय व्हय…

रडत न्हाय… वाईट वाटलं. का न वाटंल?

काय?… माझं लिवलं तर त्याच्याच खाली येणार? त्याचं खोटं हाय म्हणून? समद्यांला दिसंल?… त्याच्या हापिसातल्या माणसांला बी?

मग नगं लिवू… न्हाय, नगं म्हणते ना. लेकराला चारचौघांत खोटं कशाला पाडायचं? काढा नाव.

अगं, तू कशाला वाईट वाटून घेतीस? तू इचारलंस तरी… ऐक. त्या सहा जणांनी इचारलं, फोन लागला का, तर सांग… राँग नंबर होता.

व्हय… ठेवते, बाळा.